दुकान, शाळा, लाल मोटार आणि तो पब



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत जमाखर्च वाचून झाला आणि नेहमीसारख्या गप्पा निघाल्या. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान बंद झालं होतं. काडेपेटी संपली तरी आता दुसऱ्या गावाला जायचं. एक वयस्कर ताई म्हणाल्या, "लहान गावाचं असंच असतं बाई. आधी दुकान जातं, मग गाडी जाते, मग शाळा, आणि शेवटी माणसं." त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. खोटं कुठे होतं त्यात? पण ते वाक्य डोक्यात राहिलं. हेच वाक्य, अगदी याच क्रमाने, सात समुद्रापलीकडच्या एका लहान गावातही पन्नास वर्षांपूर्वी बोललं जात होतं. त्या गावाने त्यावर काय केलं, काय जमलं आणि काय जमलं नाही, ते आज सांगणार आहोत.

गाव आहे वेल्समध्ये. ब्रिटन म्हटलं की आपल्याला इंग्लंडच आठवतं, राणी आठवते, क्रिकेट आठवतं. पण त्याच बेटाच्या पश्चिमेला वेल्स नावाचा वेगळा देश आहे. त्याची स्वतःची भाषा आहे, वेल्श. इंग्रजीशी तिचं नातं इतकं लांबचं की इंग्रजी येणाऱ्या माणसाला वेल्शमधलं एक वाक्यही कळत नाही. लोकसंख्या सारी एकतीस लाख. आपल्या पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ साली जेवढी माणसं मोजली, जवळजवळ तेवढीच. त्यातली साधारण १८ टक्के माणसं, म्हणजे २०२१च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ५ लाख ३८ हजार, वेल्श बोलतात. बाकीच्यांची भाषा इंग्रजी.

नकाशात वेल्सच्या वायव्य टोकाला एक हात समुद्रात पुढे केल्यासारखा दिसतो. तो ल्हीन द्वीपकल्प. हा भाग ग्विनेध जिल्ह्यात येतो आणि इथे चित्र उलटं आहे. शंभरातले चौसष्ट लोक वेल्श बोलतात. या हाताच्या खांद्यापाशी तीन शिखरांचा एक डोंगर आहे, इर आइवल. इंग्रजांना नाव नीट ऐकू आलं नाही, म्हणून ते त्याला 'रायव्हल्स', म्हणजे प्रतिस्पर्धी, म्हणू लागले. आपल्या शीवचं सायन झालं तसंच ते. एका शिखरावर दगडी भिंतींनी वेढलेली दीडशेएक झोपड्यांची वसाहत आहे, लोहयुगातली. आज तिथे नुसते दगड आहेत, पण भिंती अजून माणसाच्या उंचीच्या वर आहेत.

या डोंगराच्या पायथ्याचं गाव म्हणजे ल्हान-आयल-हायर्न. उच्चार थोडा अवघड आहे, पण आपल्याला जमण्यासारखा. वेल्श भाषेत एक अक्षर असं आहे की जीभ 'ल'ची ठेवायची आणि नुसती हवा सोडायची. इंग्रज माणसं त्यापुढे हात टेकतात. आपण कोल्हा म्हणतो, कल्हई म्हणतो, त्यातला 'ल्ह' त्याच्या बराच जवळ जातो. ल्हान म्हणजे चर्च आणि त्याच्याभोवतीची जागा. आयलहायर्न हे एका संताचं नाव. आम्हाला मात्र पहिल्यांदा ते 'लहान' असंच ऐकू आलं आणि गावाकडे पाहता तेही चुकीचं नव्हतं. काही शे लोकवस्ती, एक चर्च, एक शाळा, दोन रस्ते जिथे मिळतात तिथे घरं.

गाव शेतीवर आणि मुख्यतः दगडावर जगायचं. आजूबाजूच्या डोंगरात ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. त्यातून शहरांच्या रस्त्यांना लागणारे चौकोनी दगड घडवून बोटीने जायचे. शेजारच्या त्रेवोर गावचा दगड तर अजूनही जगप्रसिद्ध आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरून गुळगुळीत दगड सरकवण्याचा कर्लिंग नावाचा खेळ असतो. त्या दगडांसाठीचा ग्रॅनाइट जगात दोनच ठिकाणाहून घेतात, एक स्कॉटलंडमधलं बेट आणि दुसरं हे त्रेवोर. पण रस्ते डांबराचे झाले आणि चौकोनी दगडाची मागणी गेली. खाणी एकेक करून बंद पडल्या. पुरुषांचं काम गेलं तशी तरुण घरं गेली, आणि पोरं कमी झाली तसं सरकारी कागदावर गाव भरायला लागलं ते फक्त म्हाताऱ्यांनी.

१९७० साली या गावात एक तरुण डॉक्टर आले. कार्ल इवान क्लाउज. मूळचे मँचेस्टरकडचे. आई वेल्श, पण यांना भाषा येत नव्हती. ती त्यांनी मोठेपणी शिकून घेतली आणि घरात मुलांशी वेल्शच बोलायचं ठरवलं. गावच्या डॉक्टरला गावाची नाडी आधी कळते. कोणाचा मुलगा निघून गेला, कोण एकटं पडलं, कोणाला झोप येत नाही, हे सगळं त्याच्याच खोलीत येतं. त्यांच्या डोळ्यांदेखत शिक्षण खात्याने शाळा बंद करायचं काढलं. कारण नेहमीचंच. पट कमी.

गाव उठलं. सभा झाल्या, अर्ज गेले, अधिकाऱ्यांपुढे माणसं उभी राहिली आणि शाळा त्या वेळेपुरती वाचली. इथवरची गोष्ट आपल्याकडेही घडते. पुढचं मात्र आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. शाळा वाचल्यावर गावकरी हारतुरे घेऊन घरी गेले नाहीत. त्यांनी स्वतःला विचारलं, की आज वाचली, पण उद्या मुलं कुठून आणणार? मुलं हवीत तर तरुण जोडपी हवीत. जोडपी राहायची तर काम हवं. काम आणायला बाहेरून कोणी येत नव्हतं.

ही साखळी एकदा समजून घेऊया, कारण सोयींचा सगळा खेळ तिच्यात आहे. आपण दुकान, शाळा, बस, दवाखाना असं वेगवेगळं मोजतो, वेगवेगळ्या खात्यांना अर्ज करतो. पण गावाच्या दृष्टीने ती एकाच मोटेची चाकं असतात. शाळा गेली की आई मुलाला सोडायला शेजारच्या गावाला जाते. गेलीच आहे तर भाजी, साबण, दूध तिथूनच घेऊन येते. इकडच्या दुकानाचा गल्ला कमी होतो. इंग्लंड-वेल्समध्ये टपाल कार्यालय बहुतेक वेळा गावच्या दुकानातच एका काउंटरवर असतं. पेन्शनचे पैसे तिथे काढता येतात, पार्सल तिथे देता येतं, बँकेच्या शाखा बंद झाल्यापासून रोख रक्कमही तिथेच भरतात. त्यामुळे दुकान बंद पडलं की टपालही जातं. मग ज्यांच्याकडे गाडी नाही, म्हणजे म्हातारी माणसं आणि अंगावर पोर असलेल्या बाया, त्यांना बसची वाट पाहत उभं राहावं लागतं. बस अर्धी रिकामी धावते म्हणून तिच्या फेऱ्या कमी होतात. आमच्या त्या ताईंनी क्रम बरोबर सांगितला होता. फक्त शेवटी माणसं जातात असं त्या म्हणाल्या. आम्हाला वाटतं, प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी जातात.

तर १९७४ साली गावाने एक सहकारी संस्था काढली. नाव, आंतिर आयलहायर्न. आंतिर म्हणजे धाडस, उपक्रम, दोन्ही. अशा प्रकारची, म्हणजे एका धंद्यापुरती नव्हे तर अख्ख्या गावाच्या मालकीची संस्था ब्रिटनमध्ये ही पहिली मानली जाते. कल्पना त्यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून उचलली. तिथली आयरिश बोलणारी खेडी आणि बेटं अशीच ओस पडत चालली होती आणि त्यांनी गावाची सहकारी मंडळं काढून वीज, पाणी, छोटे कारखाने स्वतः उभे केले होते. ल्हान-आयल-हायर्नच्या लोकांनी भाग भांडवल जमवलं, कामाची जागा उभी केली, आणि विणकाम आणि मातीची भांडी असे दोन धंदे सुरू केले. विणकाम बायकांच्या हातचं होतं, हे वेगळं सांगायला नको. रोजगार थोड्यांनाच मिळाला. तरी ज्या गावात नवं काहीच सुरू होत नव्हतं तिथे पाच जणींचा पगार सुरू होणं ही काय चीज असते, ते ज्यांनी गटाचं पहिलं मसाला युनिट उभं केलंय त्यांना विचारा.

आम्ही रोज बचत गटाचं काम करतो म्हणून दोन शब्द या भाग भांडवलाबद्दल. आपण गटात दर महिन्याला बचत करतो आणि त्यातून एकमेकींना कर्ज देतो. पैसा फिरतो, पण शेवटी प्रत्येकीच्या नावावर राहतो. तिकडच्या गावसंस्थेत तुम्ही शेअर घेता आणि तो पैसा दुकानात, इमारतीत गुंततो. संस्था चालली तर काही वर्षांनी नियमाप्रमाणे परत मागता येतो, कधी थोडं व्याज मिळतं. बाजारात तो शेअर जास्त भावाने विकता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक सभासद, एक मत. कोणी पन्नास पौंड घालो की पाच हजार, सभेत हात एकदाच वर करायचा. त्यामुळे गावातला एखादा पैसेवाला अख्खी संस्था खिशात घालू शकत नाही. नफा झाला तर तो गावाच्या कामासाठी वापरायचा आणि मालमत्ता कोणाच्या खासगी घशात जाऊ नये, अशी तरतूदही हल्लीच्या नियमांत करता येते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांतही एक सभासद एक मत हेच तत्त्व आहे. ते कागदावर असणं आणि सभेत असणं यात अंतर किती, हे आपल्याला माहीत आहे. तिथेही ते सभेला माणसं येतात की नाही यावरच ठरतं.

या भागाला ही सवय नवी नव्हती, हेही सांगायला हवं. १९१२ साली त्रेवोर आणि क्लिन्नॉग या गावांच्या लोकांनी भागीदारीतून मोटार कंपनी काढली होती. खाणीतल्या कामगारांनी, शेतकऱ्यांनी पैसे घातले आणि बाजाराला, शहराला जायची सोय केली. गाड्या लाल रंगाच्या होत्या. लोक तिला 'मोतो कोख' म्हणायचे, म्हणजे लाल मोटार. आम्ही हे वाचलं तेव्हा सगळ्याजणी एकदम म्हणालो, आपली लाल परी! आपली एसटी मात्र १९४८ साली सरकारने सुरू केली. तिकडची लाल मोटार गावकऱ्यांची स्वतःची होती. आज वेल्समध्ये साठीपुढच्या कोणालाही बसचा प्रवास फुकट आहे, २००२ पासून. आपल्याकडे पंच्याहत्तरीनंतर तो मिळतो आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. पण फुकट असो की अर्धं, गावात गाडी आली तर त्याचा उपयोग.

आता डॉक्टरांच्या दुसऱ्या उद्योगाकडे येऊ. इर आइवलच्या पलीकडे, उभ्या कड्याच्या तळाशी, समुद्राला लागून नांट गुर्थेयर्न नावाची दरी आहे. तिथे खाणकामगारांसाठी बांधलेली एक वाडी होती. दगडी घरांच्या दोन ओळी, एकीचं तोंड समुद्राकडे, दुसरीचं डोंगराकडे, आणि एक प्रार्थनाघर. खाण बंद पडली, माणसं हळूहळू कडा चढून वर निघून गेली आणि १९५९पर्यंत वाडी पूर्ण ओस पडली. छपरं गेली, मेंढ्या आत शिरल्या. हे भग्नावशेष विकत घ्यायचं डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलं. कशासाठी? वेल्श भाषा शिकवायला.

हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं. हिशेब मात्र पक्का होता. १९६७ साली वेल्श भाषेसाठी कायदा झाला होता. कचेऱ्यांमध्ये, न्यायालयात वेल्शला जागा मिळू लागली होती. म्हणजे वेल्श येणाऱ्या माणसांची गरज वाढणार, आणि मोठेपणी ती शिकायला लोक पैसे देऊन येणार. शिकायला येणारा माणूस राहणार, जेवणार. त्याला शिकवायला, रांधायला, खोल्या आवरायला माणसं लागणार, आणि ती सगळी वेल्श बोलणारीच हवीत, म्हणजे इथलीच. ज्या भाषेमुळे पोरांना नोकरी मिळत नाही असं आई-बाप म्हणायचे, त्याच भाषेवर रोजगार उभा करायचा. १९७८ साली २५ हजार पौंडांना ती वाडी घेतली. त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या आसपास होतात. पैसे वेल्सभरातून गोळा केले. वीज नव्हती, रस्ता इतका उभा आणि वाकडा की सामान न्यायचं म्हणजे दिव्य. १९८२ साली पहिले वर्ग भरले तेव्हा काम जनरेटरवर चालायचं. आज ती सगळी घरं उभी आहेत. तिथे वर्ग भरतात, कॅफे आहे, लग्नंसुद्धा लागतात. गंमत म्हणजे त्या जागेची जुनी दंतकथाच लग्नाची आहे, आणि ती दुःखाची आहे. लग्नाच्या दिवशी लपाछपी खेळताना नवरी पोकळ ओकच्या झाडात लपली आणि अडकली, ती सापडलीच नाही. पुढे कधीतरी वीज पडून झाड फाटलं तेव्हा आत हाडं दिसली. तरी लोक तिथे लग्नाला जातात.

या दरीच्या वरच्या अंगाला, ल्हान-आयल-हायर्नपासून तीन-चार किलोमीटरवर ल्हिथवाइन नावाचं आणखी एक लहान गाव आहे. तिथली गोष्ट रेडिओवर सांगावी की नाही, यावर आमच्यात वाद झाला. कारण ती गोष्ट दारूच्या पबची आहे. आपण बायका बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. आपण पबचं कौतुक कसं करायचं?

पण आधी ऐका. गावातला पब बंद पडला आणि १९८८ साली गावकऱ्यांनी एकत्र येऊन तो स्वतः चालवायला घेतला. नाव 'तावार्न अ विक'. विक म्हणजे व्हिक्टोरिया, लाडाने छोटं केलेलं. गावाच्या मालकीने चालणाऱ्या पबांमधला तो ब्रिटनमधल्या अगदी पहिल्यांपैकी एक. आता हेही ऐका, की याच भागात दारूवर मतदान होत होतं. वेल्समध्ये १८८१ साली कायदा झाला आणि रविवारी पब उघडायला बंदी आली. प्रार्थनाघरांचा जोर मोठा होता, आणि त्या चळवळीत बायका पुढे होत्या. याच ग्विनेधमधल्या ॲलिस ग्रे जोन्स या शिक्षिकेने १८९२ साली उत्तर वेल्सच्या स्त्रियांची दारूविरोधी संघटना काढायला हातभार लावला आणि पुढे वीस-बावीस वर्षं बायकांचं मासिक चालवलं, आपल्या या मासिकासारखंच. १९६१ नंतर दर सात वर्षांनी प्रत्येक भागात मतदान घ्यायचं ठरलं, की रविवारी पब उघडायचे की नाहीत. एकेक भाग 'उघडा' म्हणत गेला. शेवटपर्यंत 'नाही' म्हणत राहिलेला भाग कोणता? दुइवोर. म्हणजे ल्हिथवाइन आणि ल्हान-आयल-हायर्न ज्यात येतात तोच. तिथे १९९६ सालीच 'हो' आलं. म्हणजे ल्हिथवाइनच्या लोकांनी पब ताब्यात घेतला तेव्हा आठवड्यातला एक दिवस कायद्याने त्याला कुलूप होतं, आणि ते कुलूप त्याच भागातल्या मतदारांनी लावलेलं होतं.

मग पब का वाचवला? तिथल्या लहान गावात पब म्हणजे आपला पार, चावडी आणि मंडळाची खोली असं तिन्ही एकत्र असतं. संध्याकाळी चारनंतर अंधार पडणाऱ्या, महिनोन् महिने पाऊस-वारा असणाऱ्या मुलखात पारावर बसता येत नाही. बसायला छप्पर आणि शेकोटी लागते. बायका येतात, जेवायला कुटुंबं येतात, गाण्याच्या मैफली होतात, गावच्या बैठका होतात. आणि हे सगळं वेल्शमध्ये होतं. भाषा शाळेत शिकता येते, पण चार माणसं उगाच जमतात अशी जागा नसेल तर ती बोलायची कुठे? त्या लोकांना दारू नव्हे, ती जागा हवी होती. आमच्यातल्या दोघींना हे अजून पटलेलं नाही. "जागा हवी तर चहाचं दुकान काढा की," त्या म्हणतात. त्यांचं मत आम्ही नोंदवून ठेवलंय. ल्हिथवाइनमध्ये दुकानही गावाच्याच हातात आहे, गावकरी आपापला वेळ देऊन ते चालवतात, हे ऐकल्यावर त्यांचा राग थोडा उतरला.

दुकानाचं गणित पबपेक्षा अवघड असतं. साबण, पाव, दूध यात सुटतं किती? शहरातलं मोठं दुकान ज्या भावाला विकतं त्या भावाला यांना खरेदीच पडते. खासगी दुकानदार पगार सुटत नाही म्हणून बंद करतो. गावाचं दुकान टिकतं कारण काउंटरवर आळीपाळीने बसणाऱ्या बऱ्याच जणांना पगारच नसतो. म्हणजे तोटा कोणीतरी आपल्या वेळेने भरून काढतं. बहुतेक वेळा निवृत्त माणसं, त्यातही बायका. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण फुकटच्या श्रमावर उभी राहिलेली गोष्ट कोणाच्या खांद्यावर आहे हे आधी बघावं. पाळी लावणारी, माल सांगणारी, हिशेब मिळवणारी एक तरी पगारी व्यक्ती नसेल तर दोन वर्षांत सगळे दमतात. गटाच्या धान्य दुकानाचा आमचा अनुभवही तोच आहे. आम्ही तिघींनी दीड वर्ष फुकट बसून पाहिलं, आणि शेवटी किल्ली कोणाकडे राहणार यावरून भांडणं झाली.

आता न जमलेलं. ज्या शाळेपासून ही सगळी गोष्ट सुरू झाली, ती ल्हान-आयल-हायर्नची शाळा २०२० साली बंद झाली. मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. लढून मिळवलेली जवळजवळ पन्नास वर्षं तिने काढली, म्हणजे गावातल्या दोन पिढ्या घराजवळ शिकल्या. पण बंद झाली. विणकाम आणि भांड्यांचे धंदेही मूळच्या जोमात राहिले नाहीत.

शाळेला मुलं का उरत नाहीत, याचं तिथलं एक मोठं कारण आपल्या कोकणातल्या मैत्रिणींना लगेच कळेल. समुद्र, डोंगर, सुंदर दगडी घरं. शहरातली माणसं सुट्टीसाठी घर घेऊन ठेवतात, वर्षातून चार आठवडे येतात. किमती इतक्या चढतात की गावात जन्मलेल्या, गावातच नोकरी करणाऱ्या मुलीला गावात घर घेता येत नाही. हिवाळ्यात खिडक्या काळ्या. काळ्या खिडकीतून शाळेत मूल येत नाही, दुकानात गिऱ्हाईक येत नाही. ग्विनेध परिषदेने एप्रिल २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांच्या घरपट्टीवर दीडशे टक्के जादा आकार लावला. म्हणजे शंभराच्या जागी अडीचशे. त्यावर तिथे वाद आहे. पर्यटनावर पोट असलेले लोक नाराज आहेत आणि त्यांचंही सगळंच चुकीचं नाही. नांट गुर्थेयर्नला येणारी माणसंही पाहुणीच असतात. फरक एवढाच, की पाहुणा मुक्काम करून पैसे ठेवून जातो, आणि दुसरं घर घेणारा माणूस एक घर कुलूप लावून ठेवतो.

गावसंस्थेची सवय मात्र त्या मुलखातून गेली नाही. तिथून उत्तरेला ल्हान्डुरॉग नावाचं गाव आहे. तिथला जुना पब २०२१ साली विकायला निघाला. गावाने शेअर काढले, वेल्सभरातून आणि परदेशी गेलेल्या वेल्श लोकांकडूनही पैसे आले आणि चार लाख पौंडांच्या वर रक्कम उभी राहिली. ढोबळ शंभर रुपयांचा पौंड धरला तर चार कोटी. इमारत गावाची झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टर कार्ल वारले. वेल्सबाहेर आफ्रिकेतल्या लेसोथो या देशाशी वेल्सची मैत्री जोडणारी संस्थाही त्यांनीच १९८५ साली उभी केली होती. तो वेगळाच विषय होईल, पुढे कधीतरी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत कोणती सोय बंद झाली, कोणत्या क्रमाने बंद झाली, आणि त्या बदल्यात आज कोण किती पायपीट करतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून वहीत लिहून आणा. तारखा नाही आठवल्या तरी चालतील, कोणाचं लग्न झालं त्या वर्षी, पूर आला त्या वर्षी, असं लिहा. आमच्या त्या किराणा दुकानाचं कुलूप अजून तसंच आहे. दुकानमालकांशी भाड्याबद्दल एकदा बोलणं झालंय. काउंटरवर कोण बसणार, आणि तिला पगार कुठून द्यायचा, यावर ग्रामसंघात अजून एकमत झालेलं नाही. झालं की रेडिओवर सांगूच.